बिरड्याचा रोजा

ओफाकिम, २ मे १९७८

चि. रुबीस,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहून शाई घालवत नाही.

दीड वर्षात तू या घराची पायरी चढली नाहीस. नवल नाही. तुझा तो मोठा लेख तू तेल अवीवहून स्वतः घेऊन आलीस, टेबलावर पसरलास, मला आणि तुझ्या आईला मराठीत करून वाचून दाखवलास, आणि मी उठले, त्यातच माशाची डोकी गुंडाळली आणि खाली कचऱ्यात टाकून आले. तू म्हणालीस, "आजी, घरातलं पेपरात आलं म्हणून लाज वाटते तुला?" मी म्हटलं, "हो, वाटते." ते खोटं होतं. पण ते राहू दे आता.

काल समोरच्या बिऱ्हाडातली मिली आली. रेडिओवर सांगितलं म्हणे, तुला बक्षीस मिळणार. सगळ्या देशातल्या पेपरवाल्यांत आरोग्य आणि विज्ञानाचं लिहिणारी म्हणून तुलाच निवडली. जूनच्या शेवटी समारंभ आहे. "आपल्या बेने इस्राएलांची पोरगी, दिनाबाई! ओफाकिमची!" मिली एवढी फुगली होती, की वाटलं तुझ्या पेनात शाई तीच भरून देते.

मला लिहायला तू शिकवलंस, हे कोणाला सांगितलं तर हसतील. भायखळ्याच्या शाळेत तू पहिलीत होतीस. तू पाटीवर गिरवायचीस आणि मी भाकरी होईस्तोवर शेगडीच्या राखेत तेच बोटानं गिरवायची. आज तू हिब्रूत लिहितेस आणि मी अजून त्या राखेतल्याच अक्षरांवर आहे. तुझं हिब्रू मला वाचता येत नाही, पण तुझं नाव छापल्यावर कसं दिसतं ते मला पाठ आहे. दर आठवड्याला मिलीकडचे जुने पेपर घेते, ते नाव दिसलं की कातरते आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवते. कच्च्या दुधाचा लेख आहे, घरमाश्यांचा आहे, एकच सुई दोघांना टोचल्याचा आहे. मिली वाचून सांगते. त्या सुयांच्या लेखानंतर ती इंजेक्शन घ्यायच्या आधी नर्सशी भांडते.

तो माशाच्या डोक्यांचा लेख तेवढा डब्यात नाही.

एक विचारायचं होतं. त्या लेखात तू ज्या नर्सचं नाव छापलंस, झिवा, तिला दवाखान्यातनं काढलं असं बायका म्हणतात. खरं का? आणि आता ती कुठं असते? सहज विचारते.

तुझी आजी
दिनाबाई

ओफाकिम, १९ मे १९७८

रुबी,

कार्ड पोचलं. चार ओळी. तेल अवीवात कागद काय रेशनवर मिळतो?

"झिवाला काढलं हे खरं. ती आता किर्यात गातला एका कारखान्यात आहे, कामगारांच्या कापल्याभाजल्यावर पट्ट्या बांधते. तुला का हवं आहे?" हा तुझा शेवटचा प्रश्न. तुमच्या धंद्यात प्रश्न तुम्ही विचारायचे. म्हातारीनं एक विचारला की लगेच कान टवकारलेत.

तुझा लेख मला तोंडपाठ आहे, हे तुला ठाऊक नसेल. टाकून दिला तरी मिलीकडून दुसऱ्यांदा वाचून घेतला. तू लिहिलंस, तुझा भाऊ येहुदा पाच वर्षांचा होऊन गेला. त्याच्या रक्तात जन्मापासून एक उणं होतं. त्यामुळं बाजारातला तो मोठा दाणा, ज्याला इथं पोल म्हणतात, तुम्हाआम्हाला अन्न आणि त्याला विष. जन्मला तेव्हाच बेर शेवाच्या डॉक्टरांनी हे ओळखलं आणि गावच्या दवाखान्याला कळवलं. पण आमच्या दारात येऊन, आम्हाला कळेल असं, कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. आणि मग त्या नर्सचं नाव. आणि शेवटी: "माझ्याच थाळीतलं बिरडं मी माझ्या हातानं त्याला भरवलं."

लेख वाचून मोरोक्कोच्या बायकासुद्धा रडल्या. चौकशी बसली. झिवा म्हणत होती, मी त्यांच्या घरी गेले होते, म्हातारीची सहीसुद्धा घेतली होती. दवाखान्याच्या फायलीत तसला कागद निघाला नाही. आता प्रत्येक घरी चार भाषांत छापलेला कागद जातो, त्यातली एक मराठी. ते तुझ्यामुळं. बक्षीस द्यायला हरकत नाही.

तू लिहितेस, तुझी आई फोनवर नीट बोलत नाही. ती माझ्याशीही बोलत नाही, वाईट वाटून घेऊ नको. जूडिथ गिरणीतल्या पाळीवरून येते, भात टाकते, निजते. बिरड्याच्या रोजाला नऊ वर्षं या घरात अंडं आणि पाव खाऊन उपास सुटतो. झिराडला, आपल्या गावी, माझ्या आजीच्या हयातीत हे कोणी ऐकून घेतलं नसतं. फार पूर्वी आपल्या लोकांचं मोठं देऊळ दोनदा जळलं त्याचा तो रोजा. दिवसभर जमिनीवर बसायचं, पाणी नाही, आणि दिवेलागण झाली की वालाचं बिरडं आणि भात. आपल्या लोकांनी त्या रोजाचं नावच बिरड्यावरून पाडलं. तिकडचे रब्बी हसायचे. हसू देत.

झिवा एकदा आली होती बहुतेक. उन्हातनं आली, पाणी प्यायली आणि गेली. नर्सा काय, येतच असतात.

दिनाबाई

ओफाकिम, ४ जून १९७८

रुबी,

तू मिलीच्या घरी फोन केलास, मला बोलावून घेतलंस आणि विचारलंस, "आजी, बहुतेक म्हणजे काय?" मी फोन ठेवला. मिली हातभर अंतरावर कांदा चिरत होती आणि तिची सुरी थांबली होती. खरं बोलायला मला कागद लागतो.

तर लिहिते. बसून वाच.

१९६४ साल. येहुदा तीन आठवड्यांचा. बेर शेवाला त्याचं रक्त बदलून नुकताच घरी आणलेला. जूडिथ डॉक्टरकडे गेलेली, तू शाळेत, तुझा बाप गर्शोन रस्त्याच्या कामावर. घरात मी, पाळण्यात तो, आणि आतल्या खोलीत तुझ्या बापाची आई, पाठ दुखते म्हणून आडवी. झिवा आली. तरणी पोर होती, तुझ्या आताच्या वयाची असेल. पिशवीतून तिनं एक सुका दाणा काढला, अंगठ्याच्या नखाएवढा, तळहातावर ठेवला. मला दाखवला. मग पाळण्याकडे बोट. मग दाणा तोंडाशी नेला, डोळे मिटले, मान टाकली. मग मूठ घट्ट मिटली आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर हलवलं: नाही, नाही, नाही. एवढ्यावर थांबली नाही. भिंतीवरच्या जूडिथच्या फोटोकडे बोट केलं, माझ्या पोटाकडे केलं, आणि पाळण्याकडे. हे आईकडून येतं. बायकांतून येतं, मुलग्यांना लागतं.

मला हिब्रू येत नव्हतं, पण मी गाढव नव्हते. सगळं कळलं. एका शब्दावाचून तिनं एवढं चांगलं सांगितलं, की तुझ्या चार भाषांच्या कागदाला तेवढं जमणार नाही.

मग तिनं एक कागद पुढं केला, मध्ये टोचे मारलेला, दोन सारख्या भागांचा. ती अंगठा घ्यायला शाईची पेटी उघडायला लागली. मी म्हटलं, थांब, मला येते. आणि दोन्ही भागांवर सही केली. दिनाबाई झिराडकर. आयुष्यातली पहिली सही. एक भाग तिनं फाडून नेला, एक मला दिला. मला इतकं बरं वाटलं होतं, की तिला पाणी नव्हे, मुंबईहून आणलेल्या कोकमाच्या आगळाचं सरबत करून दिलं. पाणी दिलं असं मागं लिहिलं ते खोटं.

आतल्या खोलीतून तुझ्या बापाच्या आईनं विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "वजन करायला आली होती पोराचं."

तुला ती बाई आठवते. जूडिथला तिनं कधी नावानं हाक मारली नाही, "झिराडची" म्हणायची. तुझ्यानंतर पंधरा वर्षं पाळणा हलला नाही म्हणून बोलायची, आणि हलला तर, "झाला तोही पिवळा." खोट आमच्या बाजूच्या रक्तात आहे हे तिच्या हातात दिलं असतं, तर तिनं माझ्या लेकीला सोलून खाल्लं असतं. आणि माझा जावई आईपुढं तोंड उघडणारा नव्हे. मी ठरवलं, सांगायचं नाही, पोराला मी सांभाळीन. कागद बिस्किटांच्या डब्यात तळाशी घातला. तुझे लेख त्याच्यावर रचलेत.

पाच वर्षं सांभाळलं. पोलाचा दाणा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. रोजाला लागणारे वाल दर साली मुंबईहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी मागवायची. १९६९ साली ज्यांच्याबरोबर यायचे, त्यांची बोट लांबली. तुझ्या बापाची आई म्हणाली, "बिरड्याशिवाय रोजा सुटतो होय? बाजारात पोल काय कमी आहे? सगळ्या बायका त्याचंच करतात." नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मी पोल आणला.

आता माझी अक्कल ऐक. आपले कडवे वाल नुसते उकडून खा, तोंड वाकडं होईल, पोट धरून बसशील. पण रात्रभर भिजवले, पाणी फेकलं, फडक्यात बांधून मोड आणले, परत कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलला, की त्यातला कडूपणा, वातूळपणा, सगळं त्या पाण्याबरोबर आणि सालींबरोबर जातं. हे मला आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. मी म्हटलं, पोलातही जे काय असेल ते असंच जात असेल. तीन पाणी जास्तच बदललं. दाणा असा गोरा निघाला होता, की त्यात वाईट काही असेल असं कोणाला वाटलं नसतं. तरी येहुदासाठी मी अंडं उकडून वेगळं ठेवलं होतं.

तो गुरुवार होता. तू सैन्यातून सुट्टीवर आली होतीस. चंद्रावर गेलेली माणसं त्याच संध्याकाळी परत समुद्रात उतरली. तू दिवसभर उपाशी रेडिओला कान लावून वहीत लिहीत होतीस. आठवड्यात तीन वह्या भरल्यास. आम्ही जमिनीवर पंगत मांडली, तू थाळी घेऊन रेडिओपाशीच बसलीस. येहुदा तुझ्या मांडीवर. तू एका हातानं लिहीत होतीस आणि दुसऱ्या हातानं घास करून त्याच्या तोंडात देत होतीस, बघतसुद्धा नव्हतीस.

मी बघत होते.

पहिला घास जाताना बघितला. मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. समोर तुझ्या बापाची आई बसली होती. मी म्हटलं, सोललंय, भिजवलंय, काही होत नाही. आणि भात वाढला.

तुझ्या हातानं त्याला भरवलं हे खरं. पण तुझा हात आंधळा होता, माझे डोळे उघडे होते. हे तुला नऊ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तू त्या एका घासापायी डॉक्टरांच्या मागं लागलीस, पुस्तकं वाचलीस, या धंद्यात शिरलीस, हे मला कळत होतं. मी गप्प बसून तुझं कातरत राहिले.

लेख लिहिण्याआधी तू मला विचारलंस, "आजी, कोणी सांगायला आलं होतं?" मी म्हटलं, "नाही." तू नेहमी म्हणायचीस, एका तोंडाचं ऐकून छापायचं नाही, दुसरं तोंड शोधायचं. त्या दिवशी शोधलं नाहीस, कारण तोंड माझं होतं.

आता छाप.

दिनाबाई

ओफाकिम, २० जून १९७८

रुबी,

तुझं पत्र आलं. वर "आजी" लिहिलंस आणि खाली सरळ प्रश्न. बरं केलंस. रडारड केली असतीस तर मी उत्तर दिलं नसतं.

तू म्हणतेस, खरं कशावरून? म्हातारी माणसं दोष अंगावर ओढून घेतात, तू अशी पाहिली आहेस. मी त्यातली नव्हे. दोष दुसऱ्याच्या अंगावर दीड वर्ष आरामात राहू दिला मी. पुरावा सोबत आहे, रजिस्टर पोस्टानं. दवाखान्याला सापडला नाही तो कागद, त्याचा माझा भाग. वर झिवाचं अक्षर आणि तारीख, खाली माझी सही. मराठीत आहे, वेडीवाकडी, "झि"ची वेलांटी दुसऱ्या ओळीत गेली आहे. एवढ्या हौसेनं केली, तीच मला धरून देणार. तुझ्या संपादकाला दाखव. त्याला वाचता येणार नाही, तू वाचून दाखव.

झिवानं दाणा कोणत्या हातात धरला होता म्हणून विचारतेस. डाव्या. बोट उजव्या हाताचं. तिच्याकडे जाऊन तिलाही हेच विचार, मी काय सांगितलं ते तिला सांगू नको. मग दोन तोंडं होतील.

आणखी एक विचारलंस: आजारी पडला ते तुला पहिल्यांदा कधी कळलं? सगळ्यांना वाटतं शनिवारी दुपारी, त्याचे डोळे हळदीसारखे झाले तेव्हा. डॉक्टरांनीही तेच लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी. मी त्याला मोरीत लघवीला नेलं. आगळासारखी लाल झाली होती. मी दोन तांबे पाणी ओतलं आणि त्याला निजवलं. दुपारपर्यंत दवाखाना उघडा होता. बस चालू होत्या. नेलं असतं तर काय खाल्लं ते सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, उतरेल. त्याच्या उशाशी बसून राहिले, कपाळावर हात ठेवून. जूडिथ म्हणाली, "काय झालं त्याला?" मी म्हटलं, "ऊन लागलंय." शब्बाथ लागला, बस बंद झाल्या. शनिवारी शेजारच्याची गाडी मिळेस्तोवर तीन वाजले. रविवारी संपलं.

डॉक्टर तुला म्हणाले होते, एक दिवस आधी आणता तर रक्त देऊन वाचवला असता. तू ते मला मराठीत सांगितलंस. माझ्या तोंडाकडे बघून सांगितलंस. मी म्हटलं, "देवाची मर्जी." देवाला यात उगीच ओढलं.

तुझ्या बापाची आई सहा वर्षांपूर्वी गेली. मग तरी का नाही सांगितलंस, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. त्याचं कारण शोधत बसू नको.

तुझ्या आईला परवा सांगितलं. पेपरात वाचायच्या आधी माझ्या तोंडून ऐकू दे, म्हणून. ती गिरणीतून आली होती, चप्पलसुद्धा काढली नव्हती. सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "शुक्रवारी?" मी म्हटलं, "हो." ती बाहेर गेली, दोरीवरचे कपडे काढून आणले, बसून घडी घातली. माझे दोन झगे घडी न घालता खुर्चीवर टाकले. तेव्हापासून मी माझे कपडे स्वतः घडी करते. तुझ्या बापाला तिनंच सांगितलं. तो दोन दिवस ओट्यावर बसून होता. काल म्हणाला, "आई असती तर तुमचं खरं झालं असतं. बोलली असती जूडिथला." हे त्यानं माझ्या बाजूनं म्हटलं की विरुद्ध, ते मला कळलं नाही.

आता तुझं. तू लिहितेस, "हे छापलं तर ज्या लेखावर माझं नाव उभं आहे तोच पडतो. बक्षीस तर जाईलच, आणि पुढं कोणी माझं लिहिलेलं खरं धरणार नाही." हो, असं होईल. मी काय सांगू? झिवा बारा वर्षं नर्स होती, तिचंही नाव होतं. तिचं तू एका दिवसात घालवलंस आणि मी तुझ्या पाठीशी उभी राहून घालवू दिलं. तुझं गेलं तर ते परत मिळवायला तुला वय आहे.

आणि बक्षीस घ्यायच्या आधी छाप. नंतर छापलंस, तर मी सही परत मागून घेईन.

दिनाबाई

ओफाकिम, १४ ऑगस्ट १९७८

रुबी,

काल बिरड्याचा रोजा होता. आज हात मोकळा आहे.

तू छापलंस त्याला सात आठवडे झाले. मिलीनं दाराशी उभं राहून वाचून दाखवलं, आत आली नाही. म्हणाली, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत, माझ्या सहीच्या फोटोसकट. तू लिहिलंस, "मी माझ्या आजीला एकदा विचारलं आणि दुसऱ्या कोणालाही विचारलं नाही. नर्स खरं सांगत होती." मिलीनं पेपर मिटला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कातरून ठेवा, दिनाबाई." दोन आठवडे फिरकली नाही. मग एक दिवस आली आणि नेहमीसारखी साखर मागितली. तिच्या घरी साखर होती, मला ठाऊक आहे.

देवळात बायकांच्या बाजूला माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतात. हवा चांगली लागते.

बक्षीस दुसऱ्या कोणाला गेलं, आणि तुला हवामानाच्या चौकटीवर बसवलं, हे तू दोन ओळींत कळवलंस. त्या चौकटीखाली नाव नसतं. तरी मी कातरते. नेगेव, कोरडं, छत्तीस. बरोबर असतं.

मागच्या आठवड्यात मी किर्यात गातला गेले. बसनं, एकटी. कारखान्याच्या फाटकावर कागदावर लिहून नेलेलं नाव दाखवलं. झिवा बाहेर आली. जाड झाली आहे, केस पांढरे. मला तिनं ओळखलं. मी पाठ करून नेलं होतं, तेवढं हिब्रूत म्हटलं: तू सांगितलं होतंस, मी ऐकलं होतं. तिनं ऐकून घेतलं. ती म्हणाली, दवाखान्यात परत ये म्हणतात, ती जाणार नाही. मग आत गेली, एक पेला पाणी आणलं. मी प्यायले. तिनं पेला घेतला आणि फाटक लावलं. जोरात लावलं नाही. याहून जास्त मागायला मी गेले नव्हते.

परतीच्या बसमध्ये मला तुझ्या कागदाचा विचार आला, चार भाषांचा. आमच्या इथं तो घरोघर येतो आणि भिंतीतल्या फटी बुजवायला जातो. मिलीच्या सुनेनं त्यावर पापड वाळत घातले होते. मी बाजारातून पोलाचा एक दाणा उचलला, पैसे द्यायला गेले तर बाई हसली. रोजाच्या आधीचे तीन दिवस मी आपल्या लोकांच्या घरांतून फिरले. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत. जिथं लहान मुलगा आहे तिथं. काही दारं माझ्या तोंडावर लागली. "त्याच त्या म्हातारीला आता शहाणपण सुचलं," हे दाराच्या आतून मला ऐकू येईल असं बोलले. मी म्हटलं, "हो, तीच म्हातारी. म्हणून ऐका."

दाणा डाव्या तळहातावर ठेवते. पाळण्याकडे बोट करते. मूठ मिटते. मराठी येतं तरी हात तसेच हलवते, कारण तसंच लक्षात राहतं. आणि सांगते, पोरगा पिवळा पडला, लघवी लाल झाली, तर त्याच घटकेला न्या. काय खाल्लं ते सगळं सांगा. सासू समोर बसली असली तरी सांगा.

काल दिवेलागणीला मी पाव आणि अंडं ठेवलं होतं. तुझ्या आईनं कपाटातून एक पुडी काढली. कडवे वाल. गिरणीतल्या कोणाकडून मागवून दोन दिवस आधी भिजवले होते, मला न सांगता. सोलले होते तिनंच. नऊ वर्षांनी बिरडं केलं. वाढलं मलाही. थाळी नीट समोर ठेवली, सरकवली नाही.

आता एक, जे तू छापावंस असं मला वाटतं, हवामानातून सुटलीस की. परवा शेवटच्या गल्लीत अहुवाकडे गेले. नवी आहे, तीन महिन्यांचा मुलगा मांडीवर, डोळे तुझ्यासारखे हुशार. मी दाणा दाखवला, सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं. मान हलवली. मी निघाले तशी उंबऱ्यापर्यंत आली आणि हळूच, जसं मला एकटीलाच कळेल असं, म्हणाली, "पण आजी, दोन रात्री भिजवून, मोड आणून, सोलून घेतलं तर? मग तर चालत असेल ना? आमची आई म्हणते, पाण्याबरोबर सगळं जातं."

मी परत आत गेले. तिच्याजवळ जमिनीवर बसले. आणि तिला येहुदाचं सांगितलं, शुक्रवार धरून.

तुझी आजी
दिनाबाई